मोबाईलच्या आधी लेकरांच्या हातात नकाशा द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला होता. सहावीत आहे, हुशार आहे. मळ्यात आजोबांचा डबा नेऊन दे म्हटलं, आजीनं नीट सांगितलं की पांदीनं उगवतीला जा अन् बाभळीपासून खालच्या अंगाला वळ, पण पोरगं पांदीच्या तोंडाशीच उभं, कारण मोबाईलला नेट नाही अन् उगवत कुठली ते कळंना. मला लई वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदावर मळ्याचा नकाशा काढला, विहीर, गोठा, बांध, दोन आंबे, आणि चार ठिकाणी लाल चिंध्या बांधल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. पहिली चिंधी सापडायला वीस मिनिटं लागली, सगळी पोरं कागद हातात धरून नुसती इकडंतिकडं पळायली. मग आमच्या सात वर्षांच्या धाकटीनं कागद मातीत ठेवला आणि गोल फिरवत राहिली, कागदावरची विहीर खऱ्या विहिरीच्या दिशेला येईपर्यंत. मग उठून सरळ आंब्याकडं पळाली. तिला कुणी शिकवलं नव्हतं हो! नकाशा वाचायची पहिली पायरी हीच. अर्ध्या तासात चारी अक्षरं जमली, सा-त-बा-रा.

याचा जगात मोठा खेळ आहे, ओरिएंटीअरिंग. स्वीडनमध्ये १९१९ च्या सुमारास अर्न्स्ट किलँडर या स्काऊटच्या माणसानं तरुण पोरांना रानात पळायची गोडी लागावी म्हणून तो वाढवला. नकाशा, होकायंत्र अन् झाडाझुडपात लावलेली केशरी-पांढरी निशाणं, बस. अगदी लहान लेकरांसाठी तर रस्ताभर दोरी बांधतात, ती धरून चालायचं.

आपल्याकडं तर नकाशाची गरज रोजची आहे. तलाठ्याकडच्या गाव नकाशात गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी असतो अन् पायवाट एका, एवढं माहीत नसल्यानं रस्त्याची भांडणं वर्षानुवर्षं चालतात. सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे आता ऑनलाइन फुकट मिळतात, त्यात कागदावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, पण ते उघडून बघणारं गावात कोण आहे?

जिल्हा परिषदेच्या शाळांनी तिसरी-चौथीपासून महिन्यातला एक शनिवार यासाठी द्यावा. आधी शाळेचं मैदान, मग गल्ली, मग शिवार. खर्च म्हणाल तर झेरॉक्सचा कागद आणि चिंध्या. आमच्या गावच्या शाळेत चिंध्या बांधायला मी स्वतः येतो.

– एक पालक, ता. औसा, जि. लातूर