बालवाडीचा अभ्यास वहीत शोधू नका

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यात गेली १९ वर्षं बालवाडीत शिकवते. दोन आठवड्यांपूर्वी शाळा सुटताना एक आई मुलाची वही घेऊन आल्या, आणि म्हणाल्या ताई, आठ दिवसांत एकच पान भरलंय, मग पोरं दिवसभर करतात तरी काय? त्यावेळी दारात सगळी गडबड, एकाला आपली चप्पल सापडेना, दुसऱ्याला रिक्षावाले काका हाका मारतायत, मला नीट बोलताच आलं नाही. आणि असं विचारणाऱ्या त्या काही एकट्या नाहीत, फेब्रुवारीत ॲडमिशनला येणारे दहातले आठ पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, लिहायला कधी शिकवता. म्हणून तुमच्या पेपरातून सगळ्यांनाच सांगते.

त्या आठवड्यात आम्ही मंडईत गेलो होतो. १८ मुलं, आम्ही दोघी ताया आणि सोबत दोन आया. एका लांब दोरीला गाठी मारल्यात, प्रत्येकाने आपापली गाठ धरायची आणि सोडायची नाही, असे चालत जातो आम्ही. मटार घ्यायचे ठरवून गेलो होतो. ज्या मावशींकडे घेतले त्यांच्याकडे अजून जुना तराजू आहे, त्यांनी स्वतःहून एकेका पोराच्या एका हातात पावशेराचं आणि दुसऱ्या हातात किलोचं वजन दिलं. एक पोरगी म्हणाली, "हा हात खाली ओढतोय!" जड-हलकं हा धडा मी फळ्यावर चार वेळा शिकवला असता तरी तिच्या हाताला जे कळलं ते कळलं नसतं. पैसेपण पोरांनीच दिले आणि सुट्टे परत आलेले मोजायला सगळे रस्त्यातच बसले, त्यांना उठवता उठवता आमची पुरेवाट झाली.

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर बसून शेंगा सोलल्या. आता सोलणं म्हणजे काय ते जरा बघा, शेंगेच्या टोकाला अंगठ्याचं नख लावायचं, शीर ओढायची, मग दोन्ही अंगठ्यांनी शेंग उघडायची आणि दाणे चिमटीत धरून ताटलीत टाकायचे. पेन्सिल धरायला हीच चिमटी लागते. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती तयारसुद्धा झालेली नसतात, त्या हाताला रोज पानभर अ-आ गिरवायला लावलं की पोरगं पेन्सिल मुठीत आवळून धरतं, खांदा दुखतो म्हणतं आणि मग लिहायचाच कंटाळा करतं. त्याच हाताने कणीक मळू दे, चिंचोके निवडू दे, मणी ओवू दे, तांब्याने पाणी ओतू दे, हात आपोआप तयार होतो.

तर सोलता सोलता एका शेंगेत अळी निघाली. झालं, मटार मोजायचे राहिले बाजूला. सगळे गोल करून तिच्याभोवती पालथे पडले. आमच्याकडे एक मुलगा आहे, जूनपासून वर्गात हो-नाहीच्या पुढे बोललेला नव्हता, तो शेंगेला पडलेलं भोक बघून म्हणाला, "ताई, हिने भिंत खाऊन दार केलं." मी बघतच राहिले! मग अळीला बरणीत ठेवलं, वर मलमलचं फडकं बांधलं, रोज ताजी शेंग घालायची पाळी लावली आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी अळी काढली, वळणावळणाची रेघ, डावीकडून उजवीकडे. त्या आईंनी दाखवलेलं एकुलतं एक पान म्हणजे तीच अळी होती.

हे काही आजचं फॅड नाही हो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पोरं शाळेत येईनात तर त्या दोघी पोरांच्या अंगणात गेल्या, तिथूनच अंगणवाडी हा शब्द आला. पानं, बिया, शिंपले, खडे हेच साधन. पुढे जवळच्याच कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे जिथे गुरं तिथे शाळा. आता २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातपण तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकायचाच म्हटलाय, त्याच वर्षीच्या दप्तर धोरणात तर बालवाडीला दप्तरच नको असं आहे. तरी आमची साडेतीन वर्षांची पोरं पाठीवर चार वह्या घेऊन येतात, ते बघून जीव तुटतो.

सहलीचंही तेच. मी आधी जिथे शिकवत होते तिथे एकदा रस्त्यात एका मुलीचा गुडघा फुटला, तर चालत कुठे न्यायचंच बंद केलं आणि त्याऐवजी वर्षातून एकदा बसने ६० किलोमीटरवरच्या वॉटर पार्कला. निम्मी मुलं जाताना उलट्या करणार, उरलेली येताना झोपणार, फोटो मात्र छान येतात. पालकांची भीती मला कळते, मीपण आई आहे. पण गुडघा अंगणातपण फुटतो. पाच मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, दहा मिनिटांवरच्याच जागी जा, आधी स्वतः जाऊन रस्ता आणि बाथरूम बघून या, एवढं सांभाळलं की पोस्ट, कुंभाराचं चाक, पिठाची गिरणी, सगळं जमतं. गिरणीत तर पोरं गरम पिठात हात घालून जी थक्क होतात ना, ते एकदा बघाच.

एक विनंती बागा सांभाळणाऱ्यांनाही आहे. आमच्याकडची बाग सकाळी दहाला बंद होते आणि चारला उघडते, म्हणजे नेमकी बालवाडीची वेळ गेली. आठवड्यातून एक दिवस तेवढ्या वेळात लहान मुलांसाठी दार उघडं ठेवलं तर फार बरं होईल, झाडाखाली बसायलासुद्धा पुरे आम्हाला.

आता हळदीचा हंगाम सुरू झालाय. पुढच्या मंगळवारी मार्केट यार्डात सौदे बघायला जायचंय, संस्थेने परवानगी दिलीय, पालकांच्या सह्या आल्यात. वहीवाल्या आईंनी परवा स्वतःहून विचारलं, मी आले तर चालेल का. चार मोठी माणसं हवी होती, त्यांना धरून तीन झाली, अजून एक बघतेय.

आपली,
एक बालवाडी ताई, सांगली जिल्हा