हाताच्या पट्टीबद्दल खरं खरं

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

काल व्हिडिओ कॉलवर मी डावा हात मुद्दाम कॅमेऱ्याबाहेर ठेवला होता, पण आईच्या नजरेतून पट्टी सुटली नाहीच. फोन ठेवल्यावर बाबांचा मेसेज आला, 'खरं काय ते लिही.' म्हणून लिहिते.

आमच्याकडे पिशव्यांची तोंडं बंद करायचं सीलिंग मशीन आहे. सोमवारी एक पिशवी तिरकी गेली आणि मी मशीन बंद न करता ती सरळ करायला गेले. चूक माझीच. मशीनची तापलेली पट्टी दोन बोटांच्या पाठीवर टेकली. टेकून सुटली, एवढंच, पण डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आमच्या विभागातल्या एका ताईंनी प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलंय. त्यांनी मला धरून नळाखाली उभं केलं, पाण्याची धार बारीक केली आणि हात पाण्यात असतानाच अंगठी काढायला लावली. मी म्हटलं, राहू दे, नंतर काढते. तर म्हणाल्या, "सूज आली की कापून काढावी लागेल." दोन-तीन मिनिटांत आग थांबली, म्हणून मी हात बाहेर काढला. लगेच पुन्हा भगभग सुरू! त्यांनी घड्याळ दाखवलं, "20 मिनिटं." चटका लागून गेला तरी कातडीत उष्णता मुरलेली असते, ती आत भाजतच राहते म्हणे. सुपरवायझर दोनदा डोकावून गेले. नळाखाली उभं राहून 20 मिनिटं किती लांबतात, ते तिथेच कळतं. मधेच कुणी फ्रीजमधला बर्फ आणला, कुणी टूथपेस्ट. ताईंनी दोन्ही परत पाठवलं. बर्फानं भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते, आणि पेस्ट फासली की डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही.

नंतर हातावर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी सैलसर चढवली. कापूस नाही, त्याचे तंतू चिकटतात. डॉक्टरांकडेही गेले, कारण बोटांवर, चेहऱ्यावर, सांध्यांवर भाजलं तर लहान असलं तरी दाखवायचं. तळहाताएवढं किंवा त्याहून मोठं असेल, कातडी पांढरी वा काळी पडली असेल, विजेचा किंवा केमिकलचा चटका असेल, तर विचारच करायचा नाही. आणि दुखत नाही म्हणून खूश व्हायचं नाही, खोल भाजलं की तिथल्या नसाच बधिर होतात. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हे डॉक्टरांनी विचारलं. मला आठवेना. आई, तुला आठवत असेल तर कळव.

बाबा, तुमच्या कोपराखालचा तो तकतकीत डाग मला सारखा आठवत होता. वर्कशॉपमध्ये ग्रीस चोपडून पुन्हा कामाला लागलात, हे तुम्ही किती कौतुकानं सांगायचात! तेव्हा कोणी नळाखाली उभं केलं असतं, तर डाग कदाचित इतका राहिला नसता. आता तुम्हाला शुगर आहे, पायाची जाणीव कमी झालीय. गरम पाण्याच्या पिशवीनं चटका बसला तर तुम्हाला कळणारही नाही, म्हणून ती पायाशी घेऊन झोपू नका. आणि चुकून भाजलंच तर आधी नळ, मग मला फोन. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत पाणी धरलं तर उपयोग होतो. घाईत उलट करू नका.

एका बोटावर टपोरा फोड आलाय. तो फोडायचा नाही, वरची कातडीच आतल्या जखमेची राखण करते. आई, मला माहितीये तुझे हात शिवशिवतील, म्हणून बरा होईपर्यंत कॅमेऱ्यात दाखवणार नाही.

अंगठी अजून बोटात जात नाही. पाकिटात जपून ठेवलीये, हरवलेली नाही.

तुमची,
लेक