करारावर सही करण्याआधी

डोंबिवली,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

गौरी-गणपतीच्या गर्दीत जे बोलायचे राहिले आणि फोनवर दोनदा बोलायला घेऊन जे अर्धवट सोडले, ते आता सविस्तर लिहीत आहे. बाबा, पक्षाघाताने कमजोर झालेल्या तुमच्या उजव्या हातासाठी ऑक्सिजनच्या बंद कक्षातली चाळीस सिटिंग घ्यायची, त्यासाठी दोन महिने माझ्याकडे येऊन राहायचे आणि खर्चासाठी सड्यावरची आंब्याची कलमे तीन वर्षांच्या कराराने देऊन आगाऊ रक्कम उचलायची, असे तुम्ही जवळजवळ ठरवलेलेच दिसते. जावयाच्या घरी चार दिवसांवर कधी न राहिलेले तुम्ही दोन महिन्यांना तयार झालात, यावरूनच त्या हाताची तुमच्या जिवाला किती तळमळ लागली आहे ते कळते. म्हणून आधीच लिहून टाकते की उपचार होवो वा न होवो, हे घर तुमचे आहे, आणि पुढे मी जे लिहिणार आहे ते तुमचे येणे टाळण्यासाठी नाही. या उपचारापायी कलमे करारावर देऊ नयेत, एवढेच मला सांगायचे आहे. ते का, हे पटावे म्हणून मुळापासून लिहिते. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लेकीचे पत्र लांबणार, हे तुम्ही गृहीत धरलेच असेल.

दादाने ज्याचे एवढे वर्णन केले तो कक्ष समजायला तसा सोपा आहे. आपल्या किनाऱ्यावर हवेचा जो दाब असतो त्याच्या दीडपट ते तिप्पट दाब त्या कक्षात निर्माण करतात आणि आतल्या माणसाला तासभर ते दीड तास शुद्ध ऑक्सिजन श्वासावाटे देतात. समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, तेव्हा दुप्पट दाब म्हणजे सुमारे साडेपाच वाव (दहा मीटर) पाण्याखालचा दाब झाला. तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या मुलांना हा हिशेब तोंडपाठ असतो, कारण पाणबुड्या खोलातून घाईने वर आला तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, अगदी गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतात तसे. हे बुडबुड्यांचे कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली मांडले, आणि अशा पाणबुड्यांना पुन्हा दाबाखाली नेऊन सावकाश मोकळे करण्यासाठी हे कक्ष आजही वापरले जातात. म्हणजे कक्ष खोटा नाही आणि त्यामागचे शास्त्रही खोटे नाही. दादाला कोणी भोंदूने गाठले आहे, असे माझे म्हणणे नाही.

शंका येते ती याच्या पुढे. करोनाच्या वेळी आणलेले ऑक्सिमीटर तुम्ही अजून रोज सकाळी बोटाला लावता आणि त्यावर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव दिसते. याचा अर्थ तुमच्या रक्तातील ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले आहे आणि त्याच्यावर आणखी ऑक्सिजन चढवायला जागा नाही. कक्षात वाढतो तो रक्तद्रवात नुसता विरघळलेला ऑक्सिजन. साध्या हवेत तो शंभर मिलिलिटर रक्तामागे ०.३ मिलिलिटर असतो आणि दुप्पट दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४ मिलिलिटरच्या थोडा वर जातो. ही वाढ क्षुल्लक नाही. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद बुरेमा यांनी १९६० साली डुकरांच्या शरीरातील जवळजवळ सर्व तांबड्या पेशी काढून टाकूनही, त्यांना तिप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवून जिवंत राखले होते. मात्र कक्षातून बाहेर आल्यावर हा विरघळलेला साठा काही मिनिटांत ओसरतो, आणि मग प्रश्न उरतो तो असा की पंधरा महिन्यांपूर्वी इजा झालेल्या मेंदूला त्याचा टिकाऊ उपयोग काय.

आपल्याकडे या आजाराला अंगावरून वारे गेले असे म्हणतात, आणि आता वाऱ्यानेच ते परत आणायचे, हा योगायोग तुमच्या मनाला कुठेतरी पटला असावा असे मला वाटले. पण माझ्या मते त्यामागे अधिक खोल गोष्ट आहे. ज्येष्ठातल्या त्या रात्री पावसात गाडी मिळेपर्यंत आणि मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची साडेचार तासांची मुदत उलटून गेली होती. तेव्हा मेंदूला जो प्राणवायू मिळाला नाही तो आता विकत घेऊन भरून देता येईल, असे तुम्हांलाच नव्हे, मलाही वाटले होते. चूक तिथेच आहे. त्या रात्री ज्या पेशी गेल्या त्या मेल्या. सीटी स्कॅनवर डाव्या बाजूला जो काळा डाग डॉक्टरांनी दाखवला तो त्यांचाच. आज त्या जागेला ऑक्सिजनची टंचाई नाही, तिथे ऑक्सिजन वापरणारेच उरलेले नाहीत. हात जो काही परत येतो तो आजूबाजूच्या जिवंत पेशींनी ते काम नव्याने शिकल्यामुळे.

उपचाराच्या बाजूने बोलणारे यावर म्हणतात की त्या डागाभोवती जिवंत पण निपचित पडलेल्या पेशी असतात आणि वाढीव ऑक्सिजनने त्या जाग्या होतात. ही कल्पना उडवून लावण्यासारखी नाही. दादाने ज्याचा हवाला दिला तो इस्राएलमधील अभ्यास मी वाचला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात स्ट्रोकनंतर, म्हणजे पक्षाघातानंतर, सहा महिने ते तीन वर्षे झालेले ७४ रुग्ण होते. दुप्पट दाब, दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, अशी चाळीस सत्रे झाली आणि रुग्णांच्या हालचालींत सुधारणा नोंदली गेली. तुम्हांला सांगितलेले चाळीस आणि दोन महिने हे आकडे इथलेच असावेत. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी जो गट होता त्याला दोन महिने नुसते थांबवून ठेवले होते. खोट्या कक्षात बसवलेला, म्हणजे आपल्याला उपचार मिळतो आहे असे वाटणारा पण प्रत्यक्षात न मिळणारा, असा गट नव्हता. जो माणूस महिनोन् महिने घरात बसून आहे त्याला रोज कपडे करून बाहेर नेले, चार माणसांत बसवले, आशा दिली, तर तो बरे चालू-बोलू लागेल की नाही? मग सुधारणेतला किती वाटा ऑक्सिजनचा आणि किती त्या जाण्यायेण्याचा, हे त्या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

स्ट्रोकनंतरच्या अगदी सुरुवातीच्या काळातील चाचण्या अधिक आहेत. कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ सालच्या आढाव्यात ११ चाचण्या आणि ७०५ रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही आणि रुग्णांची स्थिती सुधारते असेही ठामपणे म्हणता आले नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनाही गुठळीच्या ताज्या स्ट्रोकमध्ये हा उपचार करू नये असेच सांगतात; अपवाद एकच, रक्तवाहिनीत हवेचा बुडबुडा अडकून झालेला स्ट्रोक. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, न भरणाऱ्या मधुमेही पायाच्या काही जखमा, रेडिएशनमुळे झालेली इजा, अचानक गेलेली श्रवणशक्ती, अशा आजारांत या कक्षाला मान्यता आहे आणि तिथे तो जरूर वापरावा. त्या यादीत तुमचा आजार नाही, आणि हे मला दादाकडून नव्हे तर वाचून कळावे, याचा थोडा रागही आला.

धोके फार मोठे नाहीत, पण तुमच्या बाबतीत ते लिहायला हवेत. सर्वांत जास्त त्रास कानाला होतो, आणि तुमच्या डाव्या कानाचे दुखणे जुने आहे. मधुमेह असलेल्यांची साखर आत बसल्यावर उतरू शकते. अनेक सत्रांनंतर काहींची नजर तात्पुरती बदलते, आणि क्वचित ऑक्सिजनच्या अतिरेकाने आकडी येते. आग लागण्याचे प्रसंग विरळ असले तरी भयंकर असतात. मिलान शहरात १९९७ साली अशा एका कक्षातील आगीत ११ जण गेले. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण ज्या केंद्राने तुमचा कान न तपासता, साखर न विचारता आणि कागदपत्रे न पाहता फोनवरच चाळीस सत्रांची पूर्ण रक्कम आगाऊ मागितली, त्यांच्याकडे तुम्हांला पाठवायला माझे मन धजत नाही.

आता आई, हा भाग तुझ्यासाठी आहे आणि तू रागावू नकोस. गणपतीत मी पाच दिवस पाहत होते. बाबांच्या सदऱ्याची बटणे तू लावतेस, ताटातला मासा काटे काढून तू देतेस, आणि भजनाला ते बसले तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरत होते. जो हात महिनोन् महिने वापरला जात नाही, त्याला वापरायचे असते हेच मेंदू विसरू लागतो. यावर एक उपचार आहे ज्याला यंत्र लागत नाही: चांगल्या हाताला जाड मोजा घालून त्याला अडवायचे आणि कमजोर हाताकडूनच कामे करवून घ्यायची. अमेरिकेत २२२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि ती २००६ साली प्रसिद्ध झाली. दोन आठवडे, जागेपणाचा बहुतेक वेळ मोजा आणि रोज कित्येक तासांचा सराव. वर्षभरानंतरही त्यांचा हात तुलनेच्या गटापेक्षा अधिक चालत होता. यासाठी मनगट आणि बोटे थोडी तरी उघडावी लागतात, आणि बाबांची ती उघडतात. आरतीनंतर प्रसादाची वाटी उचलताना मी स्वतः पाहिले. ते रुग्ण स्ट्रोकनंतर तीन ते नऊ महिन्यांतले होते आणि बाबांना पंधरा महिने झाले, तेव्हा तेवढेच यश मिळेल असे मी म्हणणार नाही.

मग हे आपण घरीच करू, असे तू म्हणशील, आणि मीही तसेच लिहिणार होते. पण भारतातच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली होती, जिच्यात घरच्या माणसांना व्यायाम शिकवून घरी पाठवले. २०१७ साली तिचा निष्कर्ष आला तेव्हा नेहमीच्या उपचारापेक्षा काही फरक पडलेला दिसला नाही. मला ते वाचून वाईट वाटले, पण त्यातून एवढे कळले की तुझ्या एकटीच्या खांद्यावर हे टाकून भागणार नाही. म्हणून कणकवलीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंशी मी बोलले आहे. त्या आधी येऊन हात तपासतील, मोजा चालेल की नाही ते ठरवतील, आणि चालणार असेल तर तीन आठवडे रोज घरी येतील. तो खर्च मी आणि तुमचे जावई करू. कलमांना हात लावावा लागणार नाही. सराव घरातल्याच वस्तूंचा असेल: वाल सोलणे, तांदूळ निवडणे, अडकित्ता उघडणे-मिटणे, आणि बाबांची इच्छा असेल तर पेटी. फक्त चालताना मोजा काढायचाच, कारण काठी धरायला तो डावा हात मोकळा हवा आणि अंगणातले शेवाळ दसऱ्यापर्यंत सुकणार नाही. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी चुकू नये, हे वेगळे लिहीत नाही; दुसरा स्ट्रोक टाळणे हेच सगळ्यात मोठे काम आहे.

बाबा, एवढे वाचूनही तुमच्या मनात कक्षाची ओढ राहिली, तर मी हट्ट धरणार नाही. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टांपुढे आपण दोघे बसू, त्यांना सरळ विचारू, आणि ते लेखी सल्ला देतील तर पैशांची सोय कलमांशिवाय कशी करायची ते मी पाहीन. मी शुक्रवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघून शनिवारी सकाळी कणकवलीला उतरते. तोवर करारवाल्याला शब्द देऊ नका, आणि सीटी स्कॅनची फिल्म, डिस्चार्जचा कागद आणि साखरेची वही आईने कपाटातून काढून माजघरात ठेवावी.

तुमची लेक,
सुमा