हॅम्बुर्गच्या शवागारात काम केलेल्या तुम्हा सर्वांना

डॉ. क्लाउस प्युशेल आणि हॅम्बुर्ग-एपेनडॉर्फ विद्यापीठ रुग्णालयाच्या न्यायवैद्यक विभागातले सर्वजण, सादर नमस्कार.

सप्टेंबर २०२० मध्ये माझे बाबा नाशिकला कोविड वॉर्डात होते. ऑक्सिजन चालू होता आणि रोज पोटावर एक बारीक सुई टोचली जायची. फोनवर ते धापा टाकत विचारायचे, "दम छातीत आणि इंजेक्शन पोटात, असं का गं?" सिस्टर म्हणाल्या, "हेपरिन आहे, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून."

फुप्फुसाच्या आजारात गुठळ्या कुठून आल्या, हे मला पुढे तुमचा अहवाल वाचून समजलं. तुम्ही शवविच्छेदन केलेल्या पहिल्या १२ कोविड मृतांपैकी ७ जणांच्या पायांच्या खोल शिरांत गुठळ्या होत्या, आणि ते जिवंत असताना कुणाला शंकाही आली नव्हती. चौघांचा मृत्यू तर तिथली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकल्यानेच झाला. फुप्फुसं पाण्याने जड झालेली, हवेच्या पिशव्यांना आतून चिकट पापुद्रा धरलेला. मग ऑक्सिजन रक्तात उतरणार कसा? पाच जणांच्या यकृतात, मूत्रपिंडात किंवा हृदयातही विषाणूचे अंश भरपूर सापडले. गुठळ्यांचा संशय रक्ततपासण्यांवरून आधीपासून होता. तुम्ही त्या डोळ्यांनी पाहिल्या आणि मे २०२० मध्येच जगासमोर ठेवल्या.

तेव्हा संसर्गाच्या भीतीने तुमच्याच देशातली, म्हणजे जर्मनीची सरकारी साथरोग संस्था रॉबर्ट कोख, शवविच्छेदन शक्यतो टाळा म्हणत होती. तरीही तुम्ही हात आखडला नाही. आमच्याकडे पोस्टमॉर्टेम म्हटलं की घरचे हात जोडतात, माझी आजी म्हणायची, "मेल्यावर तरी त्याला सुखानं जाऊ द्या." मलाही तसंच वाटायचं. आता वाटत नाही.

बाबा नेमके कशाने वाचले, ते मी सांगू शकत नाही. ऑक्सिजन, स्टिरॉइड, पालथं झोपवणं, सिस्टरांची जागरणं, सगळंच होतं. पण त्या सुईमागे काय होतं ते आता मला ठाऊक आहे. डॉक्टरांचे आभार सगळे मानतात. शव उचलणारे, धुणारे, टाके घालून पुन्हा नीट करणारे तुमचे मदतनीस मात्र कुणाला आठवत नाहीत. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

आणि जमलं तर त्या १२ जणांच्या घरीही कळवा, की नाशिकमध्ये एक घर त्यांच्या माणसांची आठवण काढतं.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी