प्रयोग रद्द झाला तर घरातून निघायच्या आधी कळवा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमची आत्या अकोल्याहून दोन दिवसांसाठी आली होती, वय 71. गेटवे नको, राणीची बाग नको, म्हणाली मुंबईत एक नाटक दाखव बाबा, आमच्याकडे दौरा आला तर आला. मी रविवारी दुपारी चारच्या प्रयोगाची तीन तिकिटं ऑनलाइन काढली, तिच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम कडेची सीट घेतली. मेगाब्लॉक म्हणून मुलुंडहून दोनच्या आतच निघालो, तरी गर्दीतून दादरचा पूल चढून उतरून नाट्यगृहावर पोचायला साडेतीन झाले आणि बघतो तर तिकीट खिडकीच्या काचेवर पेनाने लिहिलेला कागद, 'आजचा प्रयोग रद्द'. फोन नाही, मेसेज नाही. पैसे आठ दिवसांनी आले, बुकिंग चार्ज कापून. आत्या काहीच बोलली नाही, पर्समधून काढलेला चष्मा परत डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती.

कलाकार आजारी पडतात, शूटिंग लांबतं, मान्य आहे. पण बुकिंगच्या वेळी आमचा मोबाइल नंबर घेता ना, मग त्यावर एक मेसेज टाकायला काय हरकत आहे?

दुसरं असं की आपलं नाटक फिरतं असतं, आज शिवाजी मंदिर, उद्या पार्ल्याला दीनानाथ, परवा बोरिवलीला प्रबोधनकार. आपण पेपरातल्या जाहिराती बघून ठरवतो, बाहेरगावच्या माणसाला हे कसं कळणार? तो रेल्वेचं रिझर्व्हेशन दोन-दोन महिने आधी करतो. नाट्यगृहाच्या तारखा निर्मात्यांना आधीच घ्याव्या लागतात, म्हणजे निदान पुढच्या महिन्याचे प्रयोग ठरलेले असतात, मग ते सगळ्या नाट्यगृहांचे मिळून एका जागी का नाही लावत? दादर आणि सीएसएमटीला एक-एक बोर्ड लावला तरी पुष्कळ आहे. जाहिरातीत नाटक मध्यंतरासकट किती वेळाचं आहे तेही छापा, रात्रीची गाडी पकडणाऱ्याला तेच आधी बघावं लागतं. जुहूच्या पृथ्वी थिएटरला उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, पण ते आधी सांगितलेलं असतं म्हणून लोक वेळेवर येतात, कुणाची तक्रार नसते.

आत्या दिवाळीनंतर परत येतेय. तिला कुठल्या तारखेचं रिझर्व्हेशन कर म्हणून सांगू, एवढं निर्मात्यांनी आणि नाट्यगृहवाल्यांनी मला सांगावं.

एक नाट्यप्रेमी, मुलुंड