नीरेच्या पुलाअलीकडून

पुणे,
रविवार, दि. १७ ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी अण्णा गेले, त्याला सहा आठवडे होऊन गेले, आणि मी अजून तुमच्या घराची पायरी चढलेलो नाही. त्या दिवशी वाटेत ताप भरला म्हणून परत फिरलो, असे मी तुला फोनवर सांगितले होते. मला ताप नव्हता. माझ्यासाठी तू अर्धा तास सगळ्यांना थांबवून ठेवलेस, हे मला काकूंकडून नंतर कळले, आणि तेव्हापासून खरे काय झाले ते तुला लिहून कळवल्याशिवाय तुझ्याशी दुसरे काहीही बोलू नये, असे मी ठरवले होते.

सकाळी बातमी कळताच मी एकटाच गाडी घेऊन निघालो. कात्रज मागे पडले, खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला. शिरवळच्या अलीकडे नीरेचा पूल दिसू लागला तशी छातीत धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन मी चाळीस मिनिटे तिथेच बसून राहिलो. पूल ओलांडला की तुमचा सातारा जिल्हा लागतो. ती हद्दसुद्धा मला ओलांडता आली नाही. अण्णांसाठी घेतलेला हार मागच्या सीटवर तसाच होता, आणि तो तसाच घरी परत आला. ज्यांच्या ओटीवर बसून मी दहावीची सगळी बीजगणिते सोडवली, त्यांचे शेवटचे दर्शन मी घेऊ शकलो नाही, आणि त्याचे कारण तापाइतके सोपे नव्हते.

याची सुरुवात गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला झाली. ताईकडून परतताना आम्ही खंबाटकीच्या बोगद्यात अडकलो. जाताना घाट आणि येताना बोगदा, ही त्या रस्त्याची रीत तुला सांगायला नको. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता आणि गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. आधी घशाला कोरड पडली, मग श्वास पुरेना, मग हृदय इतक्या जोराने धडधडू लागले की शेजारी बसलेल्या तुझ्या वहिनीला ते ऐकू येत असेल असे मला वाटले. बोटे बधिर झाली, ओठांभोवती मुंग्या आल्या, समोरचे सगळे काचेपलीकडे असल्यासारखे दूर गेले, आणि आपण आता मरणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. भीती वाटली असे म्हणणे अपुरे आहे, कारण भीतीमध्ये 'कदाचित' असते आणि त्या क्षणी माझ्यापाशी 'कदाचित' नव्हते.

पुण्यात पोहोचताच आम्ही थेट रुग्णालयात गेलो. ईसीजी काढला, रक्त तपासले, सगळे ठीक निघाले. पुढच्या सहा आठवड्यांत मी आणखी दोनदा असाच मध्यरात्री धावत गेलो. टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, थायरॉइडची तपासणी झाली, आणि प्रत्येक वेळी "काही नाही, टेन्शन घेऊ नका" हे एकच वाक्य ऐकून मी घरी आलो. ते वाक्य सदिच्छेने उच्चारलेले असते हे मला मान्य आहे. तरीही ज्याला नुकताच मृत्यू दिसला आहे त्याला 'काही नाही' असे सांगणे म्हणजे त्याला त्याच्या अनुभवासह एकटे सोडून देणे होय, असे मी आज ठामपणे म्हणतो. अखेर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, आणि या प्रकाराला नाव आहे, त्याची ठरलेली लक्षणे आहेत, त्याचा जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचून मग ओसरतो, हे मला प्रथमच कोणीतरी समोर बसून सांगितले. पॅनिक अटॅक हा शब्द मी आधी ऐकलेला होता, पण परीक्षेच्या आधी मुले घाबरतात तसे काहीतरी ते असावे, अशी माझी समजूत होती.

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला याचा उलगडा एरवीच व्हायला हवा होता. माणूस घाबरून भराभर श्वास घेतो तेव्हा ऑक्सिजन कमी पडत नाही, उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. त्यामुळे रक्ताचा सामू (पीएच) थोडा वाढतो, मोकळ्या कॅल्शियम आयनांचे प्रमाण घटते म्हणून बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरते, आणि हे सगळे जाणवल्यावर माणूस आणखी घाबरून आणखी भराभर श्वास घेतो. हे चक्र समजल्यावर मला खूप हायसे वाटले. मात्र समजणे आणि सुटणे यांत केवढे अंतर आहे हे पुढच्याच झटक्याने दाखवून दिले, कारण समीकरण मुखोद्गत असूनही शरीराने माझे काही ऐकले नाही.

झटक्यांपेक्षाही जास्त नुकसान झाले ते झटका येईल या धास्तीने. ते इतके हळूहळू झाले की मला स्वतःलाच कळले नाही. नाट्यगृहात मी कडेची खुर्ची मागू लागलो. लिफ्ट सोडून जिने चढू लागलो, आणि लोकांनी व्यायामाचे कौतुक केले तेव्हा ते मान्यही केले. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षेचे पर्यवेक्षण आले तेव्हा पेपर संपेपर्यंत वर्ग सोडता येणार नाही, या एका कल्पनेने मी ते काम सहकाऱ्याच्या गळ्यात घातले. मे महिन्यात आम्ही साताऱ्याला आलो होतो, आठवते? परतताना जेजुरीला खंडोबाचे दर्शन घ्यायचे आहे, असे मी सर्वांना सांगितले आणि लोणंद-जेजुरी-सासवड अशा लांबच्या रस्त्याने गाडी आणली. दर्शन घेतले हे खरे, परंतु मला दर्शन नको होते, मला बोगदा नको होता. देवाचे नाव पुढे करून मी खोटे बोललो, हे मला त्या पायऱ्या चढतानाही टोचत होते.

तू म्हणशील, मग अण्णांच्या वेळीही लोणंदमार्गे परत जाता आले असते. आले असते. पण त्या दिवशी बोगदा हा प्रश्नच उरला नव्हता. आपल्याला झटका येईल आणि तोही अण्णांच्या देहासमोर, सगळ्या गावासमोर, तुझ्या दुःखाच्या क्षणी येईल, ही भीती बोगद्याहून मोठी होऊन बसली होती.

या काळात मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. जानेवारीपासून एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे दर आठवड्याला जातो. शरीरातल्या साध्या संवेदनांचा आपण 'आता हृदय बंद पडणार' असा टोकाचा अर्थ लावतो आणि तो अर्थच झटका पेटवतो, हा त्यांच्या पद्धतीचा पाया आहे. इंग्लंडच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये ही मांडणी केली. त्यानुसार बाईंनी मला ज्या संवेदनांना मी घाबरतो त्या मुद्दाम निर्माण करायला लावल्या. अरुंद नळीतून मिनिटभर श्वास घ्यायचा, खुर्चीत बसून गरगर फिरायचे, जिन्यावर धावून छाती धडधडू द्यायची, आणि मग काहीही न करता ते ओसरताना पाहत राहायचे. पहिल्यांदा नळी तोंडाला लावली तेव्हा माझे हात कापत होते. एप्रिलपासून मी एकदाही रात्री रुग्णालयात धावलो नाही, हे या अभ्यासाचे फळ आहे आणि ते मी कमी लेखत नाही. मात्र बाई ज्या पायऱ्या पुढे ठेवत होत्या, म्हणजे आधी लिफ्ट, मग छोटा बोगदा, मग खंबाटकी, त्यांतल्या दुसऱ्या पायरीवर मी तीन महिने अडकून राहिलो. दर वेळी भीतीची लाट इतकी उंच येई की ती ओसरण्याआधीच मी पळ काढत असे, आणि पळालो की पळाल्यामुळेच वाचलो, हा चुकीचा धडा मन पुन्हा एकदा पक्का करून घेत असे.

अण्णांनंतरच्या आठवड्यात मी बाईंना सगळे सांगितले. त्यांनी मला पुन्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली: एस्सिटालोप्राम, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, नंतर १०. ती चिठ्ठी तीस दिवस माझ्या हजेरीपटाच्या खणात पडून होती.

का पडून होती, ते तुला सविस्तर सांगायला हवे, कारण माझ्या जागी तू असतास तर तूही हेच केले असतेस, असा माझा अंदाज आहे. आमच्या आत्या तुला आठवत असतील. त्यांच्या उशाशी कायम एक पाकीट असे आणि ते संपत आले की घरात धावपळ होई. 'डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत' हे वाक्य मी तिथे शिकलो. आता डॉक्टरांनी समजावल्यावर कळले की आत्यांची गोळी वेगळ्या कुळातली होती. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या अर्ध्या-एक तासात शांत करतात, आणि रोज घेत गेल्यास थोड्याच आठवड्यांत शरीराला त्यांची सवय लागू शकते. म्हणूनच त्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा कायदा आहे. मला लिहून दिलेली गोळी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करते, तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, ती घेतल्याने तरतरी येत नाही, की आणखी हवी अशी ओढही लागत नाही. तीही एकाएकी बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटणे असे त्रास होतात, म्हणून ती टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितले. ज्या माणसाने तोटा आधी सांगितला त्याच्यावर माझा विश्वास बसला.

दुसरे कारण सवयीचे नव्हते, अभिमानाचे होते. 'मधुमेहाला गोळी घेतो तशीच ही' असे अनेक जण म्हणतात, पण ती तुलना मला पटली नाही. साखर मोजता येते, आणि माझ्या भीतीचा आकडा कोणत्याही रक्ततपासणीत येत नाही. मन माझे, तर ते मीच आवरले पाहिजे, अशी माझी धारणा होती, आणि गोळीने बरा झालो तर ते बरे होणे माझे नसेल, असे वाटत होते.

या धारणेला तडा गेला तो डॉक्टरांनी सांगितलेल्या एका जुन्या हकिकतीने. न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या सुमारास डोनाल्ड क्लाइन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी, दिवसातून कितीतरी वेळा 'मी मरतो आहे' म्हणत परिचारिकांकडे धावणाऱ्या रुग्णांना इमिप्रामाइन हे तेव्हा नवे असलेले औषध दिले. काही आठवड्यांनी विचारले तर रुग्ण म्हणत की काही फरक नाही. फरक दिसला तो परिचारिकांना, कारण रुग्णांचे धावत येणे थांबले होते. झटके गेले होते, पण झटका येईल ही धास्ती आणि एकट्याने बाहेर पडण्याची भीती तशीच होती, आणि ती घालवण्यासाठी त्यांना हळूहळू बाहेर पडायला शिकवावे लागले. ही हकिकत ऐकून मी डॉक्टरांच्या खोलीत बराच वेळ गप्प बसलो. औषधाने लाटेची उंची कमी होते, पण पूल ओलांडण्याचे काम औषध करीत नाही. ते माझ्याच वाट्याला उरते. माझ्या अभिमानाला जे हवे होते ते सगळे तिथे शाबूत होते.

मग मी प्रश्न विचारले. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत अस्वस्थता उलट वाढू शकते, म्हणून मात्रा निम्मी आहे. मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल होऊ शकतो आणि बहुतेकांचा तो निवळतो. दांपत्यजीवनावर परिणाम होऊ शकतो आणि तो मात्र नेहमीच निवळतो असे नाही. हे मी घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही रात्री दोनला उठून दाराशी चपला घालून बसता, त्याचा परिणाम होत नाही का?" गुडघ्यासाठी मी घेत असलेली वेदनाशामक गोळी या औषधासोबत घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, म्हणून ती बंद झाली. गुण आला तर पुढे साधारण वर्षभर औषध चालू ठेवायचे. सहा आठवड्यांत आला नाही तर मात्रा किंवा औषध बदलायचे, आणि तेही जमले नाही तर थांबवायचे.

काल संध्याकाळी मी चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. काउंटरवर माझा जुना विद्यार्थी होता. त्याने चिठ्ठी वाचली, पाकीट दिले, आणि "सर, जेवणानंतर घेतलीत तर मळमळ कमी होईल" एवढेच म्हणाला. ज्या क्षणाला मी तीस दिवस भीत होतो तो एवढाच होता. उद्या सकाळी न्याहारीनंतर पहिली गोळी घेणार आहे. तिचा गुण येईलच अशी खात्री मला नाही. पण आजवर काहीही न घेता मी जे गमावले त्यात अण्णांचे शेवटचे दर्शन आहे, आणि त्याहून मोठी किंमत कोणत्या गोळीची असेल असे मला वाटत नाही.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. सप्टेंबरअखेरीस काकूंना भेटायला यायचे मी ठरवले आहे, आणि परत जाताना खंबाटकीच्या बोगद्यातूनच जायचे आहे. तू शिरवळपर्यंत माझ्याबरोबर येशील का? तिथून साताऱ्याची एस.टी. सहज मिळते. बोगद्यात मला झटका आला तर 'काही होत नाही' असे म्हणू नकोस, गाणे लावू नकोस, पाठीवर हातही ठेवू नकोस. माझे लक्ष दुसरीकडे वळवायचे नाही, असे बाईंनी बजावले आहे. गाडी अडकली आणि माझा धीर सुटलाच तर स्टिअरिंग तू घे. एरवी नुसता शेजारी बस.

काकूंना हे पत्र वाचून दाखवायचे की नाही ते तू ठरव. मला विचारशील तर दाखव. अण्णांची माफी मी कुणाकडे मागू ते मला कळत नाही, निदान त्यांना तरी खरे कळावे.

तारीख कळव. मी शाळेत रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवीन.

तुझा,
बाकावरचा सोबती