बचावपटूंबद्दलही लिहा

मा. संपादक,

क्रीडापानावर फोटो येतात ते गोल करणाऱ्यांचेच. मी फुटबॉलमध्ये सेंटर बॅक (मधला बचावपटू) खेळायचो, म्हणून जपानचे त्सुनेयासु मियामोतो मला फार जवळचे. २००४ चा फुटबॉल आशिया कप, चीनमधल्या चोंगचिंगला जॉर्डनविरुद्ध पेनल्टी शूटआउट. जपानचे नाकामुरा आणि सांतोस, दोघांचाही टेकवलेला पाय भुसभुशीत गवतावर सरकला आणि नेम चुकला. कर्णधार मियामोतो तडक पंचांकडे गेले, शांतपणे बाजू मांडली आणि चक्क दुसऱ्या टोकाचा गोलपोस्ट मिळवला! असं मी तरी पुन्हा पाहिलेलं नाही. जपान ४-३ जिंकला, पुढे कपही.

निवृत्तीनंतर त्यांनी ‘फिफा मास्टर’ हा क्रीडा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केला, गांबा ओसाका या जपानी क्लबचे प्रशिक्षक झाले, २०२४ मध्ये जपान फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष. अशा कारकिर्दीवर एकदा सविस्तर लेख छापाच.

– एक जुना बचावपटू